कोष्टीपुऱ्यांत खरजेचा मोड जाहला त्याची हकीकत

श्री चौंडेश्वरी माता रक्षण करो, लिहिणाराचे हातीं सत्य राहो, वाचणारांचे अंगीं आरोग्य नांदो. शके सोळाशें चौऱ्याऐंशी, चित्रभानु नाम संवत्सर, मार्गशीर्षमासापासोन पुढें जें वर्तमान घडलें तें येणेंप्रमाणें. नदीचे कांठीं एक राज्य होतें. त्याचें नांव लिहावयाचें प्रयोजन नाहीं. गड होता, गडाचे पायथ्याशीं शहर होतें, आणि राजे रावसाहेब फौजेनिशीं उत्तरेकडे मोहिमेस गेले होते, मग पाठीमागें राज्याचा कारभार त्यांच्या राणीसाहेब आवडाबाईसाहेब पाहात होत्या. बाईसाहेब बहुत शहाण्या. निवाडा करितां दोहीं बाजूंचें ऐकून घेत, आणि एकदां बोलिल्या म्हणजे बोल फिरवीत नसत. लोक म्हणत, रावसाहेब तरवारीनें राज्य मिळवितात आणि बाईसाहेब कानांनीं सांभाळितात.

शहराचे पूर्वेस कोष्टीपुरा म्हणोन विणकरांची वस्ती होती, आणि फौजेच्या राहुट्यांचें सारें कापड तेथेंच विणलें जाई. त्या पुऱ्यांत दर सालीं थंडी पडली म्हणजे खरूज उठे. आधीं बोटांचे बेचक्यांत बारीक पुरळ यावा, मग रात्रीं खाज सुटावी, खाजवितां नखें लागावीं, आणि मग पू धरोन फोड व्हावेत, ऐसा तिचा क्रम. राजवैद्य विश्वंभरभट करंजेल तेलांत गंधक घोटोन लेप देत, आणि लेपानें माणूस बरा होई, आणि महिना न लोटतां तोच माणूस पुन्हां हात खाजवीत वैद्यांचे ओटीवर येई. वैद्य खेदानें म्हणत, "माझ्या औषधास यश आहे, परंतु तें यश घरीं टिकत नाहीं."

त्या सालीं खरजेनें फारच जोर केला. विणकरांस धोटा धरवेना, माग बंद पडले, आणि रावसाहेबांकडून जासूद येई कीं राहुट्या कोठें आहेत. तेव्हां बाईसाहेबांनीं कोतवाल सुभानराव यांस मसलतीस बोलाविलें. सुभानराव मर्द गडी, शूर, इमानी. परंतु त्यांस प्रत्येक संकट गनिमासारिखें दिसे. ते म्हणाले, "बाईसाहेब, गनीम पुऱ्यांत शिरला आहे. पुऱ्यास कांटेरी कुंपण घालावें, चौकी बसवावी, आणि घरोघरचीं अंथरुणें बाहेर काढून जाळावीं." बाईसाहेबांनीं हुकूम दिला. एरवीं त्या पुऱ्यांतील चार शहाणीं माणसें बोलावून घेत्या, परंतु या खेपेस त्यांनीं कोणासही विचारिलें नाहीं. आणि त्याचें कारण त्यांच्या मनगटावर होतें.

कारण ऐसें कीं, खरूज वाड्यांतही आली होती. बाईसाहेबांची कन्या मथुराताई, वय वर्षें सात, तिचे पोटावर आणि बोटांत आधीं पुरळ उठला, आणि लेक आईचे कुशींत निजे, तेव्हां आईसही लागला. राजघराण्यास खरूज जाहली हें लोकांस कळलें तर लोक हंसतील, शेजारचे राज्यांत गोष्ट होईल, ऐसें बाईसाहेबांचे मनांत आलें, आणि त्यांनीं लांब बाह्यांच्या चोळ्या शिवविल्या, मनगटांवर रुंद तोडे चढविले, आणि दरबारांत बसल्या असतां खाज सुटली म्हणजे ओठ दाबून गालिच्याचीं फुलें मोजीत. गोष्ट त्यांस आणि वैद्यांस ठाऊक, तिसऱ्यास नाहीं. वैद्य गुपचूप लेप देत, आणि बरें वाटे, आणि पुन्हां उठे. एकदां वैद्य म्हणाले, "बाईसाहेब, ताईसाहेबांस न्हाऊं घालणारी दासी आहे, वेणी घालणारी आहे, एकत्र निजणाऱ्या मुली आहेत. सर्वांस एकाच वेळीं लेप लागेल तरच ही जाईल." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे सर्वांस कळेल." मग ती गोष्ट तेथेंच राहिली आणि खरूजही तेथेंच राहिली.

इकडे पुऱ्यांत कुंपण पडलें आणि शिपाई घरांत शिरों लागले. कोष्टी लोक जमिनींत खड्डा करून त्यांत पाय सोडून माग चालवितात, त्या खड्ड्यांत बायकांनीं वाकळा लपविल्या. ज्यांच्या वाकळा सांपडल्या त्यांच्या जळाल्या, आणि त्या घरचीं मुलें शेजारच्या वाकळेंत शिरोन निजूं लागलीं. ज्यांचे अंगावर फोड होते त्यांस घरच्यांनीं माळ्यावर चढविलें. वैद्य पुऱ्यांत गेले तर प्रत्येक दारांतून उत्तर आलें, "आमचे घरीं कोणास कांहीं नाहीं." हुकूम पाळला जात होता, शिपाई जागत होते, आणि खरूज सुखानें एका घरांतून दुसऱ्या घरांत जात होती.

त्या पुऱ्यांत ठमाबाई म्हणोन एक विधवा कोष्टीण होती. लेक आणि सून मागल्या सालीं तापानें गेलीं, आणि चंद्री नांवाची एक नात तेवढी तिजपाशीं राहिली होती. चंद्रीचे पायांवर फोड उठले, पू जाहला, आणि शिपाई पोरही नेतील आणि लोक हिणवितील या भयानें ठमाबाईनें पोरीस मागाचे खड्ड्यांत निजविलें. मग एके दिवशीं पोरीचें तोंड सुजलें, पाय सुजले, लघवी तांबडी होऊं लागली. तेव्हां ठमाबाई घाबरली, पोरीस पाठीस बांधून चौकीवर आली आणि म्हणाली, "मला वैद्यबुवांकडे सोडा." पहारेकरी म्हणाला, "बाहेर सोडण्याचा हुकूम नाहीं." ती म्हणाली, "मग त्यांस तरी आंत बोलवा." पहारेकऱ्याचें मन द्रवलें, त्यानें माणूस पाठविला, आणि वैद्य नेसल्या पंच्यानिशीं धांवत आले. परंतु ते आले तेव्हां पोर आजीचे मांडीवरच निवाली होती. वैद्यांनीं नाडी पाहिली, मग तेथेंच धुळींत बसले.

दुसरे दिवशीं सकाळीं कोष्टी लोकांनीं माग मोडिले, लांकडें बैलांवर लादलीं, आणि आम्ही या राज्यांत राहात नाहीं, नदीपार दुसऱ्या राज्यांत जातों, ऐसें कुंपणापाशीं येऊन सांगितलें. सुभानराव घोड्यावरून वाड्यांत आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, हुकूम व्हावा, वाट अडवितों." वैद्यही मागोमाग आले आणि त्यांनीं चंद्रीची हकीकत सांगितली. सांगतां सांगतां ते म्हणाले, "पोर ताईसाहेबांचेच वयाची होती." बाईसाहेब ऐकत होत्या. आंतल्या चौकांत मथुराताई दासींबरोबर सागरगोटे खेळत होती, तिचें हंसणें कानीं येत होतें. बाईसाहेब उठल्या आणि म्हणाल्या, "वाट कोणी अडवूं नये. मी तेथें जातें." सुभानराव म्हणाले, "पालखी आणवितों." त्या म्हणाल्या, "पालखींतून बोललेलें खालीं ऐकूं जात नाहीं." मग पायींच निघाल्या, आणि वैद्य आणि कोतवाल पाठीमागें चालले, आणि शहरचे लोक ओट्यांवर उभे राहून पाहूं लागले.

पुऱ्यांत चौंडेश्वरीचें देऊळ आहे, त्याचे पटांगणांत सारे जमले. कुंपण बाईसाहेबांनीं आधीं काढविलें. लोकांनीं मुजरे केले, ठमाबाईनें मात्र केला नाहीं. ती देवळाचे पायरीवर बसोन होती, डोळे कोरडे. बाईसाहेब तिजपाशीं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ठमाबाई, हुकूम माझा होता. चुकी माझी जाहली."

ठमाबाई म्हणाली, "तुमच्या चुकीनें माझी चंद्री परत येत नाहीं, बाईसाहेब. तुम्ही वाकळा जाळल्या, मग लेंकरें थंडीनें एकमेकांचे कुशींत शिरलीं, आणि एकाचें दहांस लागलें. वैद्यबुवा चांगले, त्यांस माझा बोल नाहीं. परंतु मला एवढेंच सांगा, ही खरूज आमच्याच पुऱ्यास कां? आम्हीच घाण काय? वाड्यांत ती येत नाहीं काय?"

सुभानराव पुढें जाहले आणि म्हणाले, "जबान सांभाळ, कोणाशीं बोलतेस?" बाईसाहेबांस त्या क्षणीं हो म्हणण्यापेक्षां नाहीं म्हणणें फार सोपें होतें, आणि नाहीं म्हटलें असतें तर खोटें पाडावयास कोणीही उभें राहिलें नसतें. परंतु त्यांनीं उजवे हातचा तोडा काढून वैद्यांचे हातीं दिला, मग डावा काढिला, मग चोळीची बाही कोपरापर्यंत सारिली, आणि दोन्ही हात सर्वांसमोर धरून म्हणाल्या, "येते. माझ्या हातावर आहे, माझ्या लेकीचे अंगावर आहे. मी माझी झांकली आणि तुमची कुंपणांत घातली."

मग ठमाबाई पायरीवरून उठली, तिनें बाईसाहेबांचा हात आपले हातीं घेतला, उन्हाकडे फिरवून बोटांचीं बेचकीं पाहिलीं आणि विचारलें, "ही जुनी आहे. रात्रीं फार खाजते?" बाईसाहेब म्हणाल्या, "झोंप येत नाहीं, ठमाबाई." हें ऐकतां ठमाबाईचे कोरडे डोळे तेव्हां प्रथम भरोन आले, आणि दोघी तशाच हात धरून उभ्या राहिल्या. मग एका म्हाताऱ्या विणकरानें आपली बंडी वर केली, एका बाईनें माळ्यावरची पोर खालीं आणविली, आणि ज्यांचे घरीं कोणास कांहीं नव्हतें त्यांचे घरचीं सर्वच माणसें हात दाखवूं लागलीं. सुभानरावांचा हात इतक्यांत नकळत आपले कमरबंदाखालीं गेला, तो लोकांनीं पाहिला. बाईसाहेब म्हणाल्या, "कोतवाल, गनीम आपले गोटांतही शिरला वाटतें." तेव्हां त्या दुःखांतही लोक हंसले, आणि सुभानरावही कान धरून हंसले.

मग बाईसाहेब पटांगणांत घोंगडीवर बसल्या आणि म्हणाल्या, "या खेपेस हुकूम नाहीं. वैद्य सांगतील काय केलें पाहिजे, आणि तुम्ही सांगा कसें करितां येईल." वैद्य म्हणाले, "या रोगाचें कारण डोळ्यांस न दिसे ऐसा बारीक किडा. तो अंगावरून अंगावर आणि अंथरुणांतून अंगावर जातो. एकास लेप आणि बाकीचे तसेच राहिले, तर तो फिरून येतो. म्हणोन ज्यास खाज आहे त्यानें आणि ज्यास नाहीं त्यानेंही, साऱ्या घरानें आणि साऱ्या पुऱ्यानें एकाच दिवशीं लेप लावावा, ओळीनें कांहीं रात्री लावावा, आणि पंधरवड्यानें पुन्हां एकदां लावावा, कां कीं अंडीं मागें राहतात. त्याच दिवशीं वाकळा उकळाव्या, नखें काढावीं, फोड स्वच्छ फडक्यानें झांकावे." एक बाई उठून म्हणाली, "वैद्यबुवा, घरांत वाकळ एकच. ती उकळली तर या थंडींत दोन दिवस वाळत नाहीं. लेंकरें कशांत निजवूं?" वैद्य म्हणाले, "हें माझे ध्यानींच आलें नव्हतें." बाईसाहेब म्हणाल्या, "फरासखान्यांत फौजेचीं कोरीं कांबळीं पडलीं आहेत, तीं तोंवर घरोघर देतों." दुसरी म्हणाली, "एवढें पाणी उकळावयास भांडें कोठें?" तेव्हां भिकू रंगारी, जो नीळ देण्याचें काम करी, तो डोकें खाजवीत म्हणाला, "माझ्या दोन थोरल्या कढया आहेत. परंतु सांगून ठेवितों, कितीही घासल्या तरी नीळ उतरेल. वाकळा निळ्या होतील." ठमाबाई म्हणाली, "निळ्या होवोत. खाजऱ्या नकोत."

ऐसी एकेक अडचण बाहेर पडत गेली आणि एकेकीची तोड निघत गेली. अंग पुसावयाचें फडकें ज्याचें त्याचें वेगळें असावें ऐसें वैद्य म्हणाले, तों एका विणकरानें विचारिलें, "घरांत दहा माणसें, आणि पंचे सारे पांढरे, लेंकरांस ओळखूं कसे यावेत?" आणि मग तोच म्हणाला, "थांबा, आपण कोष्टी आहों! माणसागणिक कांठ वेगळा विणूं. आजीचा हिरवा, बापाचा तांबडा, पोरीचा पिवळा." त्या बोलानें सर्वांस हुरूप आला, आणि ज्यांनीं सकाळीं माग मोडिले होते ते संध्याकाळीं ते जोडूं लागले. शेवटीं प्रश्न निघाला कीं गल्लोगल्लीं नजर कोणी ठेवावी, कोणाचे घरीं पुन्हां खाज उठली तर त्यानें कोणास सांगावें. शिपाई नको ऐसें सर्वांनीं म्हटलें. मग लोकांनीं ठमाबाईकडे पाहिलें. ती म्हणाली, "माझें घर तर मोकळें जाहलें. मला आतां काय करावयाचें?" मग ती आपणच म्हणाली, "बरें. ज्या घरीं पोर खाजवील, त्या घरीं मी जाईन. परंतु कोणी कोणास खरजी म्हणोन हिणवावयाचें नाहीं. मी हिणवण्याच्या भयानें पोर खड्ड्यांत लपविली होती."

मग पौषमासीं दिवस नेमला, आणि वाड्यांतील गाद्यागिरद्यांच्या खोळी आणि रजया सर्वांआधीं भिकूचे कढईंत पडल्या, हें बाईसाहेबांनीं उभें राहून करविलें. मथुराताईस, दासींस, आचाऱ्यांस, हुजऱ्यांस, सर्वांस लेप लागला. सुभानराव पुऱ्यांत लांकडाच्या मोळ्या वाहात होते. गंधकाचा वास ऐसा सुटला कीं, वाटसरू शहर टाळून दुरून जाऊं लागले. वरल्या आळींतील मानकरी म्हणाले, "आमचे घरीं हा रोग नाहीं, आम्ही लेप लावणार नाहीं." सुभानरावांनीं बाईसाहेबांकडे पाहिलें, बाईसाहेब म्हणाल्या, "हुकूम नाहीं म्हटलें ना?" मग त्यांनीं हातांतील तोडे उतरवोनच त्या आळींत हळदीकुंकवास जाण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक घरीं आपले हात दाखवून सांगितलें, "पाहा, आतां किती उतरली." थोड्याच दिवसांत मानकऱ्यांच्या बायका पदराखालीं वाट्या घेऊन लेप मागावयास आल्या, आणि मग पदराखालीं वाटी धरण्याचेंही कोणास कारण राहिलें नाहीं. त्या थंडींत सारें शहर निळ्या वाकळा पांघरोन निजलें, राजा आणि रंक पांघरुणावरून ओळखूं येईना.

माघांत एका गल्लींत पुन्हां खाज उठली. परंतु त्या घरची सून त्याच सकाळीं आपण होऊन ठमाबाईकडे आली, आणि संध्याकाळचे आंत सारे गल्लीस लेप लागला, आणि खरूज गल्लीबाहेर गेली नाहीं. बाईसाहेबांनीं हें ऐकिलें तेव्हां त्या वैद्यांस म्हणाल्या, "वैद्यबुवा, हें आपले लेपानें नव्हे जाहलें." वैद्य म्हणाले, "लेप तोच आहे बाईसाहेब. लावणारे बदलले."

मग चैत्रमासीं रावसाहेब मोहीम फत्ते करून परतले. नगारखान्यावर चौघडा झडूं लागला, गुढ्या उभारल्या, आणि बाईसाहेब आरतीचें ताट घेऊन दिंडीदरवाजांत उभ्या राहिल्या. बराच वेळ जाहला तरी स्वारी येईना. तों सुभानराव घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, अनर्थ! कोष्टीपुऱ्याच्या बायकांनीं महाराजांस नदीचे उतारावर अडविलें आहे. म्हणतात, छावणींतील खरूज गांवांत नको, लेप लावावा मग यावें. हुकूम व्हावा, स्वार पाठवितों काय?" बाईसाहेबांनीं ताट दासीचे हातीं दिलें आणि म्हणाल्या, "मला विचारून अडविलें नाहीं. तर मला विचारून सोडतील ऐसें कां समजतां?" आणि आपणच नदीवर गेल्या.

पैलतीरीं फौज, अलीकडे बायकांची रांग, हातांत लेपाचीं मडकीं, आणि मध्यें गुडघाभर पाण्यांत घोड्यावर रावसाहेब. रावसाहेबांचे चेहऱ्यावर राग आणि अचंबा दोन्ही. ते म्हणाले, "बाईसाहेब, एवढे गड घेतले, कोठें कोणी अडविलें नाहीं, आणि माझेच शहरांत मला शिरूं देत नाहींत, हा काय प्रकार? या बाईस हा अधिकार कोणी दिला?"

ठमाबाई मुजरा करून म्हणाली, "महाराज, कोणी दिला नाहीं. या पुऱ्यांत लेंकरें आहेत, म्हणोन उभ्या राहिलों."

बाईसाहेब म्हणाल्या, "स्वारीनें रागें भरूं नये. हात दाखवावा."

रावसाहेबांनीं हातमोजा काढिला. बेचक्यांत पुरळ होता, चांगला मुरलेला; सारी फौज छावणींत एकत्र निजोन आली होती. रावसाहेबांनीं आपला हात पाहिला, मग बायकांची रांग पाहिली, मग मोठ्यानें हंसले आणि घोड्यावरून पाण्यांत उतरले. तरवार सुभानरावांचे हातीं दिली, अंगरखा काढिला, आणि ठमाबाईपुढें पाठ करून उभे राहिले. "लाव बाई," म्हणाले, "आणि पाठीमागें फौज बहुत आहे, मडकीं पुरतील ना?" ठमाबाई म्हणाली, "पुरतील महाराज. मोजून आणिलीं नाहींत, मुबलक आणिलीं आहेत." मग तिनें लेप घेतला आणि आपले लेकास लावावा तसा राजाचे पाठीस लाविला, आणि मागोमाग सरदार, शिलेदार, खिजमतगार, माहूत, सर्व एकामागून एक नदींत उतरले.

याप्रमाणें खरजेचा मोड जाहला. ती त्या राज्यांतून समूळ गेली ऐसें लिहिणें खोटें होईल; कधीं पाहुण्याचे अंगीं, कधीं जत्रेंतून, ती येत राहिली. परंतु ती आली म्हणजे आतां कोणी दार लावून घेत नसे. दार उघडून शेजाऱ्यास हांक मारीत. वैद्यांनीं औषध दिलें, बाईसाहेबांनीं लाज सोडिली, आणि बाकी सर्व लोकांनीं केलें. घडलें तैसें लिहिलें, अधिक उणें असेल तें जाणत्यांनीं सांभाळून घ्यावें. शुभं भवतु.